अक्षीचं सेट झालंय म्हणे

लातूर, ता. ३ नोव्हेंबर

चि. अक्षरास अव्वाचा आशीर्वाद.

तर तुझ्यासाठी स्थळ घेऊन पहिला आत आला तो श्रीशैल, तुझ्या आईचा मावसभाऊ. चपला काढायच्या आधीच म्हणतो कसा, अव्वा, घाबरू नका, दोनच माणसं आणलीत. त्याच्या मागं धर्माबादच्या शिवकांताबाई, हिरवं इरकल नेसलेल्या, कपाळाला ठसठशीत विभूती. आणि त्यांच्या मागं त्यांचं पोरगं, अमरेश. कॉलेजात शिकवतंय म्हणे. उंच हाय, पण मान खाली. आपल्या दाराची चौकट लागंल म्हणून खाली घातली असंल असं मला वाटलं, तर आत आल्यावर बी खालीच.

हे फोनवर का सांगत न्हाई म्हणशील. फोन लावला की तुझा अप्पा त्याला स्पीकरवर टाकतो आणि सगळी गल्ली आपली बातमी ऐकती. पत्राचं तसं न्हाई. तिसरीपर्यंत शिकलेल्या आजीचं पत्र हाय, जोडाक्षर मोडलं तर तूच जोडून घे.

अप्पा दुकानात होता. तुझी आई चुरमुऱ्याचा सुशीला करायला आत गेली. श्रीशैलला फोन आला, तो अंगणात जाऊन बोलत बसला. मग पाहुण्यांपाशी कोण? मीच. दिवाळीत तू बसवून दिलेली ती कानाची मशीन लावली होती, म्हणून समदं स्वच्छ ऐकू आलं. शिवकांताबाईंनी तुझा फोटो पाहिला, वय इचारलं, आणि मग हळूच म्हणाल्या, "पोरीचं सेट झालंय ना?"

आता मला इंग्रजी येत न्हाई, पण हा शब्द माझ्या घरचा हाय. भांड्याचं दुकान हाय आपलं गोलाईच्या बाजारात. लेमन सेट, डिनर सेट, डब्यांचा सेट, चाळीस वर्सं मी तेच पुसत आले. माझ्या तोंडात दाताचा सेट हाय. पण लग्नाच्या बोलण्यात बाई सेट इचारती म्हणजे सोन्याचाच. तुझ्यासाठी गळ्यातलं न् कानातलं केलंय ना आपण, मागल्या वर्सी. मी म्हणलं, "कवाच झालंय."

"पहिल्याच वेळी?"

"पहिल्याच वेळी. आमच्या घरात मोडून पुन्हा करायची रीत न्हाई."

बाई खूश झाल्या गं. म्हणाल्या, आजकाल कितीजणींचं होत न्हाई. मी म्हणलं, खरंय, दिवसच तसे आलेत. मग मी म्हणलं, कपाटातच हाय, दाखवू का? तर हात जोडले त्यांनी. म्हणाल्या, राहू द्या, तुमच्या शब्दावर विश्वास हाय. बघ, काय माणसं हाईत. सोनं दाखवते म्हणलं तर नको म्हणत्यात. पोरगं तेवढं बशी खाली ठेवून बसलं, चहा बी पुरता पिलं न्हाई. लाजाळू हाय.

जाताना म्हणाल्या, घरी बोलून कळवतो. अप्पा रात्री आल्यावर मी सांगितलं, पाहुणे लई खूश होऊन गेलेत. कशानं खूश झाले ते त्यानं इचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई.

आता तुझं सांग. ती मोठी परीक्षा, जिच्यापायी तू दोन वर्सं नांदेडात खोली करून राहिलीस, तिचं काय झालं? अप्पाचं बोलणं तुला ठावं हाय. परीक्षा निघाली तर नांदेड, न्हाई तर लग्न, आणि लग्नानंतर शिकायचं का न्हाई ते सासरचे बघतील. मला तर दोन्ही पाहिजे. परीक्षा बी आणि जावई बी.

तुझी अव्वा, लक्ष्मम्मा


नांदेड, ता. ८ नोव्हेंबर

ती. अव्वास शरणार्थ.

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू थांबलं.

अव्वा, शिवकांताबाईंनी सोन्याचं विचारलंच नव्हतं. महाराष्ट्रात कॉलेजात कायम प्राध्यापक व्हायचं असेल तर एक परीक्षा निघावी लागते. तिच्या इंग्रजी नावातल्या तीन शब्दांची पहिली अक्षरं घेऊन तिला सेट म्हणतात. माझी ती मोठी परीक्षा, ती हीच. घरात आपण तिला नुसतं परीक्षा म्हणत आलो, म्हणून हे झालं. तू म्हणालीस कवाच झालंय, पहिल्याच वेळी, कपाटात आहे. त्यांना वाटलं असणार की मी सेट पास आहे आणि प्रमाणपत्र तुझ्या कपाटात आहे.

लुंबिनीला, म्हणजे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला, मी हे वाचून दाखवलं. आमचा दोघींचा विषय इंग्रजीच. तिनं मोठा शब्दकोश काढला. हा एवढासा शब्द, त्याला कोशात पानंच्या पानं दिलेली आहेत. सूर्य मावळतो तो सेट. मोडलेलं हाड बसवायचं तर सेट. ताट मांडणं, घड्याळाचा गजर लावणं, दही घट्ट होणं, गणितातला संच, सगळं सेट. एम.ए.ला असताना याच शब्दावर आम्हाला टिपण लिहायला होतं. ते टिपण मला छान आलं होतं.

निकालाचं विचारलंस. लागेल. विद्यापीठाचं काम असंच असतं, घाई करून काय होतंय.

तू आता एकच कर. याबद्दल कुणाशी काहीही बोलू नकोस. अप्पांशी तर नाहीच. त्यांना कळलं की आपल्या घरातून पाहुण्यांना खोटं गेलंय, तर ते काय करतील मला सांगता येत नाही. मला विचार करू दे.

तुझी,
अक्षरा


लातूर, ता. १३ नोव्हेंबर

चि. अक्षरास आशीर्वाद.

अगं, एवढं काय घाबरायचं? मी खोटं कुठं बोलले, जरा लवकर बोलले. तुझा निकाल लागंल, तू पास होशील, आणि माझा शब्द आपोआप खरा होईल. पेरणी झाली की पीक आलंच म्हणायचं, असं तुझे आज्जे म्हणायचे. त्यांचं पीक कधीकधी येत नसायचं, ते सोड.

आणि त्या शब्दकोशाचं कौतुक मला सांगू नको. आपल्यात बसणं हाय की. पोरगी पेपरला बसती. हाड बसतं, घडी बसती, पावसानं भिंत बसती. आवाज बसतो, धंदा बसतो, मनावर ओझं बसतं. बाई दुखवट्याला बसती आणि नवरी पाटावर बसती. एकाच शब्दानं समदं चालतंय आपलं, कोश लागत न्हाई. लुंबिनीला सांग, म्हणावं आमच्या अव्वाचं बी टिपण लिही.

तू कुणाशी बोलू नको म्हणलीस. न्हाई बोलले. खोट्याचं न्हाई बोलले, पण आनंदाचं बोलायला काय हरकत हाय? सोमवारी सिद्धेश्वराला गेले होते. भजनाच्या बाया जमल्या होत्या. मी आपलं सहज म्हणलं, "आमच्या अक्षीचं नांदेडला सेट झालंय बरं का."

मग कुणीतरी पदर तोंडाला लावला. महानंदा पुढं सरकून बसली, तीच, जिच्या नवऱ्याचं दुकान आपल्या दुकानाला लागून हाय. म्हणाली, कुणासंगं? मी म्हणलं, एकटीचं काम हाय का ते, खोलीतल्या मैत्रिणीनं लई मदत केली. म्हणाली, कवापासनं चालू होतं? मी म्हणलं, दोन वर्सं झाली. पोरीनं लई सोसलंय त्यापायी, रातरात झोपली न्हाई. तर म्हणती, घरच्यांना ठावं हाय का? मी म्हणलं, ठावं हाय म्हणजे काय, तिच्या बापानंच त्यासाठी धाडलंय नांदेडला. ह्यावर बाया एकमेकींकडं बघाय लागल्या. मला वाटलं जळाल्या. त्यांच्या पोरी बारावीच्या पुढं गेल्या न्हाईत.

प्रसाद घ्यायला बी कुणी माझ्या शेजारी उभी राहिली न्हाई.

मंगळवारी तुझा अप्पा दुपारीच घरी आला. ताट वाढलं तर तसंच ठेवून उठला. तुझ्या आईला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं. माझी मशीन काढलेली होती, काही ऐकू आलं न्हाई. बाहेर आल्यावर तुझ्या आईचे डोळे लाल होते. मी इचारलं तर म्हणाली, कांदा चिरला. त्या दिवशी भाजी दोडक्याची होती गं, कांदा कुठला. आनंदानं बी डोळे भरत्यात माणसाचे. महानंदाच्या नवऱ्यानं दुकानात तुझी बातमी सांगितली असंल.

अप्पा रविवारी नांदेडला यायचं म्हणतोय. कवा न्हाई ते रविवारचं दुकान बंद ठेवून. मोठी पिशवी काढून ठेवलीय. तुला पेढे आणत असंल. तू नटून बस.

तुझी अव्वा


नांदेड, ता. १७ नोव्हेंबर

ती. अव्वास शरणार्थ.

पिशवी रिकामी होती. माझे कपडे भरून न्यायला आणली होती.

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी मिळालं. तुला सांगायचं राहिलेलं आधी सांगते. मुलामुलीचं जुळलं की इकडची पोरं म्हणतात, त्यांचं सेट झालं. त्यालाच सेटिंग म्हणतात. देवळातल्या बायकांना हाच अर्थ माहीत होता. तुझी सगळी उत्तरं आता त्या अर्थानं पुन्हा वाच. कुणासंगं, कवापासनं, घरच्यांना ठावं हाय का. मी वाचली, आणि रात्रभर अप्पांची वाट बघत बसले.

रविवारी दहा वाजता ते आले. आमच्या खोलीत पुरुषांना येऊ देत नाहीत, म्हणून घरमालकीणबाईंच्या ओसरीवर बसले. लुंबिनीनं पाणी आणून दिलं, ते घेतलं नाही. तिला म्हणाले, पोरी, तू जरा आत जा. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

"कोण आहे तो?" त्यांनी विचारलं. "आपल्यातला आहे का, तेवढंच सांग."

मी म्हणाले, कुणी नाही. ते म्हणाले, तुझी आजी भर देवळात सांगते आणि तू नाही म्हणतेस. मी म्हणाले, अव्वा परीक्षेचं सांगत होती. तर म्हणाले, परीक्षा निघाली असती तर तू पहिला फोन मला केला असतास.

हे खरं होतं अव्वा. म्हणून मी फोनवर निकाल काढून त्यांच्या हातात दिला.

निकाल दसऱ्याच्या आधीच लागला होता. माझी सेट चार मार्कांनी गेली. लुंबिनीची निघाली. दिवाळीला घरी आले तेव्हा तुझ्या कानात मशीन बसवताना मला रडू येत होतं आणि तू म्हणालीस, दुखत न्हाई गं, रडू नको. मी तुलाही खोटंच लिहिलं. अप्पांनी लग्न काढलं असतं. जूनमध्ये पुन्हा परीक्षा आहे, तोवर वेळ मिळावा एवढंच मला हवं होतं.

त्यांनी निकाल दोन वेळा वाचला. पहिल्या वेळी त्यांचा चेहरा मोकळा झाला, कारण मुलगा कुणी नव्हता. दुसऱ्या वेळी तो बंद झाला. माझ्याकडं न बघता म्हणाले, दोन महिने लपवलंस. मग मी त्यांना तुझा आणि शिवकांताबाईंचा घोटाळा सांगितला. मला वाटलं ते श्रीशैलमामांना फोन करून दुरुस्त करतील. ते म्हणाले, "त्यांना झालंय वाटतंय ना? झालंय असंच राहू दे. गावातलं हे बोलणं थांबवायला दुसरा रस्ता नाही. लग्न झाल्यावर कोण कागद बघतंय."

धर्माबादकरांचा होकार आला आहे. ते तीस तारखेला, रविवारी, बोलणी करायला येणार आहेत. मी शनिवारी घरी यायचं. पुस्तकं इथंच सोडून.

मी म्हणाले, मी त्यांना खरं सांगेन. तेव्हा त्यांनी शर्टाच्या आतून गळ्यातलं इष्टलिंग काढलं, माझा हात त्यावर ठेवला आणि शपथ घातली, की पाहुण्यांसमोर मी तोंड उघडायचं नाही. मी शपथ घेतली अव्वा. ओसरीवर घरमालकीणबाई बघत होत्या.

तुझी,
अक्षरा


लातूर, ता. २१ नोव्हेंबर

अक्षरा,

पत्र काल आलं. तीनदा वाचलं.

देवळातली उत्तरं मी पुन्हा वाचली. माझीच जीभ मला चावली. चाळीस वर्सं ज्या बायांसंगं भजन म्हणलं त्यांच्यापुढं मी माझ्या हातानं नातीच्या अब्रूला डाग लावला, आणि वर प्रसाद घेऊन हसत घरी आले. काल महानंदाच्या घरी जाऊन सांगून आले, बाई, ती परीक्षा होती. ती म्हणाली, असंल की. असं म्हणाली.

पण तू मला बी खोटं लिहिलंस. निकाल लागायचाय म्हणून लिहिलंस आणि मी त्यावर पेरणी न् पिकाच्या गोष्टी सांगितल्या. जगाला न्हाई सांगितलंस तर चाललं असतं, मला सांगायचं होतंस.

अप्पानं मला बी बजावलंय. म्हणाला, अव्वा, तो शब्द आता या घरात काढायचा न्हाई. पाहुणे आले की तू देवघरात बसायचं, मशीन काढून. मी म्हणलं बरं. दुकानात गिऱ्हाईक आलं तर तो आता लेमन सेट बी म्हणत न्हाई, सहा गिलास म्हणतो.

मला त्यानं शपथ घातली न्हाई. इसरला असंल.

म्हणून इचारते, आणि ह्या वेळी नीट लिही. तुला ते पोरगं नको हाय, का खोटं नको हाय? दोन्ही नको असंल तर दोन्ही लिही. एका शब्दाचे दोन अर्थ मला आता झेपत न्हाईत.

अव्वा


नांदेड, ता. २५ नोव्हेंबर

ती. अव्वास,

मुलाला मी पाहिलेलंच नाही, नको कशाला म्हणू? खोटं नको. आणि जूनची परीक्षा पाहिजे. एवढंच.

पण तू काही करू नकोस. त्या माणसांसमोर अप्पा खोटे पडले तर गोलाईत मान वर करून बसणार नाहीत. मला त्यांचा राग येतो, पण त्यांची मान खाली गेलेली बघवणार नाही. आणि तुझ्याशी ते जन्मभर बोलले नाहीत तर तू कुठं जाशील?

पुस्तकं लुंबिनीच्या पेटीत ठेवली आहेत. ती माझ्या वह्यांवर माझं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवतेय. शनिवारी दुपारच्या गाडीनं निघते.

अक्षरा


लातूर, ता. २९ नोव्हेंबर

चि. अक्षरास अव्वाचे अनेक आशीर्वाद.

अप्पाचा गुरुवारी तुला फोन आला, शनिवारी येऊ नको म्हणून. तेवढंच बोलला आणि ठेवला. मी शेजारीच होते, स्पीकर बी टाकला न्हाई त्यानं. का येऊ नको, ते मी सांगते.

तुझं पत्र गुरुवारी सकाळी आलं. मी ते वाचून कमरेला खोचलं आणि तांदूळ निवडायला बसले, तर अंगणात रिक्षा थांबली. शिवकांताबाई न् अमरेश. रविवारी त्यांच्याकडं कुणाचंतरी लग्न निघालं म्हणून आजच आलो म्हणाल्या. श्रीशैल सुद्धा संगं नव्हता. अप्पाला दुकानातून बोलावलं. तो आला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी उठून देवघरात गेले. मशीन काढ म्हणला होता, ती तेवढी काढली न्हाई.

शिवकांताबाई बसल्या बसल्याच कामाचं बोलल्या. धर्माबादला एका संस्थेत इंग्रजीची जागा निघायची हाय, कायमची. त्यांच्या वळखीचं माणूस हाय तिथं. सून तिथं लागली तर घरी राहून नोकरी होईल. म्हणाल्या, सेटच्या कागदाची झेरॉक्स द्या, म्हणजे नाव आत्ताच घालून ठेवते.

अप्पा म्हणाला, नांदेडात हाय.

त्या म्हणाल्या, अव्वा तर कपाटात हाय म्हणल्या होत्या.

अप्पा म्हणाला, हाव, म्हणजे कपाटातच हाय. चावी पोरीजवळ हाय.

आतून तुझ्या आईनं कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. अक्षरा, एवढ्या वर्सांत मी माझ्या पोराला खोटं बोलताना ऐकलं न्हाई. भांडं पोचलेलं असलं तर गिऱ्हाईकाला आधी सांगतो तो. आता एकावर एक रचत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. मला वाटलं, याची मान खाली जायला नको म्हणून मी गप्प बसावं, तर ती आत्ताच खाली गेलीय. मी देवघरातून उठले. गुडघा धरला होता, दाराला धरून उभी राहिले.

अप्पा म्हणाला, "अव्वा, आत बस."

मी शिवकांताबाईंकडंच बघून बोलले. त्याच्याकडं बघितलं असतं तर जमलं नसतं. म्हणलं, "बाई, चूक माझी हाय. तुम्ही परीक्षेचं इचारलं, मला वाटलं सोन्याचा सेट इचारताय. कपाटात सोनं हाय. कागद न्हाई. पोरीची परीक्षा चार मार्कानं गेली."

बाईंना आधी कळंचना. कळलं तसं त्यांचं तोंड लाल झालं. अप्पाला म्हणाल्या, "आणि तुम्हाला हे ठावं होतं?"

अप्पाला सुटायला वाट होती. न्हाई म्हणाला असता तर चाललं असतं गं, मी ओढून घेतलं असतं समदं माझ्यावर. पण तो म्हणाला, "हाव. मला ठावं होतं."

मग पोरगं बोललं. दोन्ही खेपांना मिळून पहिल्यांदाच. म्हणालं, माझं बी न्हाई. तीन वेळा बसलो, तीन वेळा गेली. मी तासावर शिकवतो, कायम न्हाई. आईनं श्रीशैलमामांना परमनंट सांगितलंय. शिवकांताबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की मीच पदर सारखा केला. आणि हे पोरगं मला इचारतंय, कितव्या पेपरला कमी पडले तिला? मी म्हणलं, बाबा, ते मला कसं ठावं असंल, मला तर आत्ता आत्ता कळलंय की पेपर असतोय. त्यावर ते थोडं हसलं. पहिल्या दिवशी चहा न पिता बसलं होतं ते लाजून न्हाई, पोरीची निघाली हे ऐकून.

चहा आला, कुणी घेतला न्हाई. शिवकांताबाई उठल्या. मला वाटलं, गेलं. तुझं गेलं, अप्पाचं गेलं. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी अप्पाला इचारलं, पोरगी पुन्हा बसणार हाय का परीक्षेला?

अप्पानं मागं वळून बघितलं. तुझी आई आतल्या दारात येऊन उभी होती, मी इकडल्या. अमरेश चपला हातात घेऊन वाट बघत होता. अप्पाला न्हाई म्हणता आलं असतं. तुझं लग्न लावायला मोकळा झाला असता, दुसऱ्या कुठल्या बी घरात.

"बसंल," म्हणाला. "जूनला बसंल."

पाहुण्यांसमोर दिलेला शब्द हाय तो. माझ्यापुढं दिला असता तर मी एवढा धरला नसता.

शिवकांताबाई म्हणाल्या, आज मला राग आलाय. घरच्या पोराचा बी आलाय आणि तुमचा बी. रागात मी उत्तर देत नसते.

ते गेल्यावर अप्पानं तुला फोन केला आणि दुकानात गेला. रात्री माझ्याशी बोलला न्हाई, काल बी न्हाई. आज सकाळी अंघोळ करून विभूती लावून आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तिला लिही, शपथ सुटली म्हणावं. आणि फॉर्म निघाला की भरायचा." एवढं बोलून पिशवी घेऊन गेला. अजून अव्वा म्हणून हाक मारली न्हाई. मारंल. न्हाई मारली तर मी जेवायला त्याच्या पंगतीलाच बसते, किती दिवस तोंड फिरवंल.

महानंदा काल पाणी भरताना म्हणाली, मोडलं का गं धर्माबादचं? मी म्हणलं, जुळलंच कुठं होतं मोडायला. तिच्याशी आता मी मोजून बोलते.

लुंबिनीला म्हणावं, पेटी उघड, पुस्तकं काढ. वर पापड पाठवलेत ते दोघी खा, बिब्ब्याएवढे काळे झालेत ते माझ्या हातचे हाईत, टाकू नका.

आणि हे ध्यानात ठेव. धर्माबादकर येळवसेची अमावास्या झाल्यावर परत येतो म्हणून गेलेत, दोघंच, श्रीशैलला सोडून. ह्या वेळी मला काही इचारणार न्हाईत, अप्पाला बी न्हाई. पोरीलाच इचारायचंय, आणि पोराला बी तिच्याशी बोलायचंय, असं म्हणाल्या. हाव म्हणायचं का न्हाई ते तुझं तू ठरव, कुणी शपथ घालणार न्हाई. फक्त काय इचारलंय ते कळलं न्हाई तर उत्तर देऊ नको, पुन्हा इचार. लाजू नको. एकवीस डिसेंबर, रविवार, सकाळच्या दहाच्या गाडीनं येतो म्हणाल्या.

तुझी अव्वा, लक्ष्मम्मा